कार्बोरेटरवरच्या अक्षता

भोर आणि वेल्हे तालुक्यांतील तमाम माणसांस, म्हशींस व कोंबड्यांस जाहीर करण्यात येते की, माझी दोन माणसांची, बिनछपराची, लाल स्पोर्ट्स कार दीर्घ आजारातून उठली असून आज दसऱ्याच्या दुपारी रस्त्यावर येत आहे. सर्वांनी आपापल्या जबाबदारीवर बाजूला व्हावे!

हे मी भोरमध्ये आमच्या दारात, पूजेचं ताट हातात धरून, खड्या आवाजात म्हटलं. शेजारी हसले. मला तेवढं पुरतं.

गाडी माझ्याहून वयाने मोठी. तिला बरं केलं होतं मार्गासनीच्या मिस्त्रींनी. ते एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करतात. पण हवा आणि पेट्रोल मिसळणारे तिचे दोन कार्बोरेटर त्यांनी सुटे करून धुतले आणि रबरी नळी कानाला लावून, दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा येईपर्यंत जुळवत बसले. गाडी देताना एकच सांगितलं, "सायेब, हवेची जाळी काढू नका. तोंड उघडं ऱ्हायलं तर काय बी आत जातंय."

मी जाळी काढली. फोटो काढायचा होता, आणि कार्बोरेटरची चकचकीत तोंडं दिसल्याशिवाय फोटोला शोभा कसली? हळद, कुंकू, झेंडू आणि वर मूठभर अक्षता. लग्नात टाकतात तशा, हात उंच करून. मग जाळी बसवली आणि निघालो.

नसरापूरपर्यंत मी राजा होतो. वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि पेडलवरून पाय काढला तरी इंजिन बोंबलतच राहिलं. किल्ली बंद-चालू करत कसंबसं मार्गासनी गाठलं.

गॅरेजात काम बंद होतं. पाने, हातोडे पाटावर मांडून त्यांना फुलं वाहिली होती. त्या दिवशी हत्यार उचलायचं नसतं. पेढे वाटणं चाललं होतं. विंझरचे एक वयस्क शेतकरी भातकापणीआधी इंजिन खोलून घ्यायचं म्हणून ट्रॅक्टर सोडायलाच आले होते.

एवढे प्रेक्षक बघून मला चेव आला. "ऐका मिस्त्री, ऐका तिचं गाणं! ही तुमची दुरुस्ती? घाटात असतो तर आज माझा फोटो भिंतीवर लागला असता! ट्रॅक्टर ठोकणाऱ्या हातात अशी गाडी द्यायलाच नको होती."

शेतकऱ्याच्या हातातला पेढा हातातच राहिला. मिस्त्रींकडे न बघता ते म्हणाले, "आमी जरा इचार करून येतो," आणि ट्रॅक्टर घेऊन विंझरकडे निघून गेले.

मिस्त्री पाटाशी गेले, नमस्कार केला आणि फुलांखालचा पाना उचलला. जाळी खोलली. आतल्या झडपेत अडकून ती मिटू न देणारे, कुंकवाने लाल झालेले तांदूळ चिमट्याने काढून तळहातावर घेतले. माझ्याकडे पाहिलं. आणि मूठ मिटली.

"कचरा व्हता जरा," ते जमलेल्यांना म्हणाले. "झाली गाडी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. जन्मभर चारचौघांत बोलत आलेला मी, नेमका त्या वेळी नुसतं "थँक्यू" म्हणालो. त्यांनी वर मला पेढा दिला, "सणाचं तोंड गोड करून जावा."

तो खिशात टाकून मी निघालो. इंजिन आता इतकं छान चालत होतं की ऐकवत नव्हतं. भोरऐवजी मी विंझरकडे वळलो.

शेतकरी अंगणात ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकत होते. मी जाळी, फोटो, अक्षता, सगळं सांगितलं. हातवारे केल्याशिवाय मला एक वाक्य बोलता येत नाही. त्या दिवशी हात खालीच राहिले. "चूक माझी आहे, काका. मिस्त्रींच्या कामात खोट नाही."

त्यांनी ऐकून घेतलं आणि ताडपत्री पुन्हा ओढून काढली. "मला सांगून काय उपेग? जिथं बोललासा तिथं जाऊन बोला. चला माझ्या मागं."

लाल स्पोर्ट्स कार मार्गासनीपर्यंत ट्रॅक्टरच्या मागे, ट्रॅक्टरच्या वेगाने गेली. गॅरेजासमोर मघाचीच माणसं होती. मी खाली उतरलो, घसा खाकरला आणि मिस्त्रींची माफी मागून सगळ्यांना सांगितलं की इंजिनात मीच तांदूळ टाकले होते.

मिस्त्री हातातलं पेढ्यांचं ताट सावरत कळवळून ओरडले, "आवं सायेब, म्या लपवलं व्हतं की!"