ब्लोअरमधला कापूस

थंडीत परवा गाडीचा हीटर लावला आणि जळक्या धुळीच्या वासाने मला थेट नव्वदच्या दशकात नेलं. नानामामांच्या गाडीतून आम्ही जळगावहून साक्रीला मुलगी बघायला निघालो होतो. धुक्याने काच धुरकटलेली, ब्लोअर बंद. धुळ्यात मिस्त्रीने आधी फ्यूज बदलला, मग मोटरच नवी बसवली. ती नुसती घुमायची, हवा काही येईना. मी वैतागून गेलो.

मुलीच्या दारात शेवटचा खड्डा बसला आणि ब्लोअर सुटला. उंदराने हवेच्या नळीत कोंबलेला सगळा कापूस माझ्या नव्या कोटावर!

मुलीच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, "नाना, तुमना भाचा कापूस पिंजस का?"

"नही, बँकमा शे," नानामामा पुटपुटले.

आत कुणीतरी खुदकन हसलं. चहा यायच्या आधीच मी होकार देऊन टाकला.