भिंतीवरच्या तीन शेण्या

मुंबईतली नोकरी संपवून रत्नागिरीला आईकडे राहायला आलो, तो स्वावलंबी व्हायचं ठरवूनच. पहिल्याच आठवड्यात मी जाहीर केलं की भांडी विसळलेलं पाणी यापुढे वाया न घालवता केळीला घालायचं. आई म्हणाली, "आजवर काय शहाळ्याचं पाणी घालत होते मी केळीला?"

मी माघार घेतली नाही. कापडी पिशव्या शिवून घेतल्या. त्यातली एक मासळीबाजारात नेली, ती पुन्हा कशालाच वापरता आली नाही. मग आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं बंद केलं. परसातली जुनी चूल सारवली आणि झावळ्या, करवंट्या, हाताला लागेल ते जाळू लागलो.

वैशाखात एका सकाळी जळण कमी पडलं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर तीन शेण्या थापलेल्या होत्या, चांगल्या खडखडीत वाळलेल्या. उलथन्याने काढल्या आणि चुलीत घातल्या. जरा तडतडल्या, पण पाणी फार छान तापलं.

मिरगाला आठ दिवस उरले तेव्हा आई त्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मी आपण होऊन, थोड्या अभिमानानेच, सांगितलं की त्या मी जाळल्या.

त्यांत तवशाचं, म्हणजे पावसाळी मोठ्या काकडीचं, बी होतं. बी शेणात दाबून भिंतीला थापलं की त्याला कीड लागत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तीस वर्षं मुंबईत होतो. ते बी आई लग्न होऊन आली तेव्हा मालगुंडहून आणलेलं. दर पावसाळ्यात लावायची, दर दिवाळीला एक तवसं बियाला राखायची. माहेरी आता माणूस उरलं नाही, घरही नाही. तिच्याकडे तेवढंच होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आंघोळ झाली ना नीट?" एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजारातून तवशाचं चित्र असलेलं पाकीट आणलं. तिने ते न फोडता फळीवर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी नेहमीची मासेवाली आली. आईचा चेहरा बघून तिने काय झालं विचारलं, आणि आईने माझा पराक्रम सांगितला. पाटी खाली ठेवायच्या आतच ती हसायला लागली.

"काकी, गेल्या साली तुमीच नाय का मला बी दिलात? माज्या भिंतीवर हाय की तसाच!"

दुसऱ्या दिवशी तिच्या पाटीतून बांगड्यांबरोबर केळीच्या पानात बांधलेली एक शेणी आली. आईने ती पायरीवर बसून फोडली. अर्धं बी पदरात घेतलं, उरलेलं पुन्हा पानात गुंडाळून तिच्या हातात ठेवलं.

"अगं, सगळंच ठेव की," मी म्हटलं. "आपलं बी आपल्या घरात बरं."

"घरात तू आहेस," आई म्हणाली.