पडीक जमिनीची बैठक

मी सोलापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. माझा विषय गवत. विषय सांगितला की लोक पुढचं काही विचारत नाहीत. आमच्याच विभागात औषधी वनस्पतींवर काम करणारे एक सर होते. त्यांना लग्नात पंगतीला बसल्यावरही लोक गुडघेदुखीवर कुठला पाला चालतो ते विचारायचे. मला सगळ्या नोकरीत गवताबद्दल आपणहून एकाच माणसाने विचारलं. त्याला अंगणातलं गवत कायमचं कसं घालवायचं ते हवं होतं.

पावसाळा लागला की मात्र मला मागणी असे. वृक्षारोपणाला वनस्पतिशास्त्राची बाई बोलावली की कार्यक्रमाला वजन येतं. शाळा, पोलीस वसाहत, बँकेचं आवार, मी सगळीकडे झाडं लावून आले. त्याला माझी काही हरकत नव्हती. हरकत होती ती माळावर झाडं लावण्याला, आणि तसा प्रसंग बरीच वर्षं आला नाही. मग आला.

शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावाला मोठा माळ आहे. सरकारी कागदात तो ‘पडीक’. देशात दुसरीकडे कुठेतरी जंगल तुटलं होतं, त्याची भरपाई म्हणून या पडीक जमिनीवर झाडं लावायची असं ठरलं होतं. ठरवणारे दिल्लीत होते. त्यांच्याकडे नकाशा होता आणि नकाशावर हा माळ रिकामा दिसत होता. मशीनने खड्डे घेऊन झाले होते. पहिलं रोप माझ्या हातून लावायचं होतं.

मी गेले तेव्हा माळ हिरवा होता. गवतांतला पवन्या चांगला वर आला होता, मारवेल होतं, कडेला टोचरी कुसळी. वीतभर मातीखाली मुरूम. असल्या जमिनीवर, जिथे पाऊस बेताचा पडतो, तिथे गवतच टिकतं. ते तिथे कुणाच्या आळसाने उरलेलं नसतं. खड्डे घेतले की ते जातं. त्याच्यावर जगणारी मेंढरं, चंडोलासारखे पक्षी, खोकडासारखे छोटे कोल्हे, सगळं जातं, आणि बहुतेक वेळा लावलेलं झाडही जगत नाही. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं होतं की माईक हातात आल्यावर तेच तोंडातून बाहेर पडलं. मी म्हणाले, “इथे झाडं लावू नयेत अशी माझी विनंती आहे.”

गळ्यात हार होता. मग सरपंच म्हणाले, “बाई मस्करी करत्यात,” आणि सगळे हसले. रोप त्यांनीच लावलं. मला पाणी घालायला तांब्या दिला. मी घातलं, रोपाचा त्यात काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात माझा तांब्यासकट फोटो आला. वृक्षांचे महत्त्व मी ओघवत्या भाषेत पटवून दिले, असं खाली लिहिलं होतं. नवरा म्हणाला, “फोटो चांगला आलाय.”

त्या दिवशी परत निघताना तारेच्या कुंपणापलीकडे एक बाई मेंढरं घेऊन उभी होती. माझ्याहून थोडी मोठी. मी जवळ गेले तशी म्हणाली, “माईकात नीट ऐकू आलं न्हाय. झाडं नको म्हणला व्हय तुमी?”

“हो.”

“मग च्या पिऊन जावा की.”

गावात तिला सगळे आक्का म्हणत, मीही तेच म्हणू लागले. ती धनगराची. तिच्या सासऱ्याची मेंढरं याच माळावर चरली होती आणि आता तिची चरत होती. तारेमुळे अर्धा माळ बंद झाला होता. चहा होईपर्यंत तिने माझ्याबद्दल बरंच चांगलं मत करून घेतलं. चहा पिता पिता मी ते घालवलं. मी सांगितलं की गवताला बी धरेपर्यंत पावसाळ्यात मेंढरं आत सोडू नयेत, नाहीतर चांगलं गवत संपून नुसती कुसळी उरते. आक्काने कप खाली ठेवला.

“पावसाळ्यात मेंढरं काय आभाळात चारू? म्हंजी तुमी बी त्यांच्यातल्याच.”

तरी मी जात राहिले. सरपंचांच्या परवानगीने मी माळावर दोनचार चौकोन काट्याने बंद केले, आतल्या आणि बाहेरच्या गवतात काय फरक पडतो ते बघायला. आक्काची मेंढरं त्यात शिरत. मी रागवे. ती म्हणे, काटा नीट लावला नव्हता. मी पुन्हा लावे. दोनतीन पावसाळ्यांत फरक दिसायला लागला. आक्का चौकोनाशी उभी राहून म्हणाली, “गवात चांगलं आलंय. पर येवढ्याशा जागंत कुणाचं बी यील.” हा आक्षेप खरा होता. दुसऱ्या बाजूने, एकही झाड नको हा माझा हट्ट तिने कधीच मान्य केला नाही. बाभळीच्या शेंगा मेंढरांना लागतात आणि सावली माणसाला लागते, असं तिचं म्हणणं होतं. दोनचार बाभळींना मी हरकत घेणं सोडलं.

मग दिल्लीहून मेल आला. देशातल्या पडीक जमिनींचं काय करायचं याचं धोरण ठरवायला एक समिती बसली होती. झाडं लावायची, सौर पॅनेल बसवायची की आणखी काही, याचा मसुदा तयार होत होता. समितीतल्या एका सभासदाने माझे गवतावरचे लेख वाचले होते. हे वाचून मला समितीबद्दल आदर वाटला आणि थोडी काळजीही वाटली. मला दहा मिनिटं बोलायला बोलावलं होतं. मी कळवलं की त्या माळावर मेंढरं चारणारी एक व्यक्ती सोबत आणू इच्छिते. उत्तरात विचारलं होतं, त्यांचं पद काय. मी लिहिलं, मेंढपाळ. पुन्हा विचारणा आली, कुठल्या संस्थेत. मी लिहिलं, स्वतःच्या. शेवटी ‘भागधारक’ म्हणून परवानगी आली.

आक्काला मी तो शब्द समजावून सांगितला.

“म्हंजी वाटेकरी?” ती म्हणाली.

“साधारण तसंच.”

“आमचं धाकटं दीर बी वाटेकरीच हायत. बोलत न्हायत आमच्याशी.”

तरी ती यायला तयार झाली. मुलाने आणि सुनेने मेंढरं सांभाळायचं कबूल केलं. गाडीत तिने खिडकी धरली. कुर्डुवाडीपर्यंतचा मुलूख तिला माहीत होता. त्यापुढे ती नुसती बघत होती आणि मधूनच कुठला माळ चरायला बरा दिसतो ते सांगत होती. मी तिला तिथे काय बोलायचं त्याची तयारी करून घ्यायला लागले. एका गोष्टीवर आमचं एकमत होतं. माळ पडीक नाही. पावसाळ्यात चराई बंद ठेवण्याचा विषय मी दौंडला काढला, मनमाडला काढला आणि भोपाळ गेल्यावर पुन्हा काढला. ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली. शेवटी म्हणाली, “बाई, वाईच पडा आता.”

बैठकीची खोली इतकी गार होती की आक्काने पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला, मग पिशवीतून मुलाचा स्वेटर काढून घातला. समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, अत्यंत सभ्य. समोर पडद्यावर देशाचा नकाशा होता. पिवळा रंग म्हणजे पडीक. सोलापूरच्या आसपास बरंच पिवळं होतं.

मी माझी दहा मिनिटं बोलले. गवताची मुळं किती खोल जातात, जमिनीत कर्ब कसा साठतो, माळावरची झाडं का मरतात, सगळं सांगितलं. एका तज्ज्ञांनी विचारलं, झाडांऐवजी गवत ठेवलं तर दर हेक्टरी किती कर्ब साठेल. मी म्हणाले, ते पावसावर, मातीवर आणि चराईवर अवलंबून आहे, आणि मोजणी फारच थोड्या ठिकाणी झाली आहे. त्यांना आकडा हवा होता. नसलेला आकडा मला सांगता येईना. ते म्हणाले, धोरणात ‘अवलंबून आहे’ असं लिहिता येत नाही. तेही खरंच होतं.

मग आक्काची पाळी आली. ती मराठीत बोलणार आणि मी हिंदीत सांगणार, असं ठरलं होतं. ती म्हणाली, “आमी तितं रोज हाय. मग पडीक कसं?” ते मी सांगितलं. मग तिने जनावरांचा डॉक्टर वेळेवर येत नाही ते सांगितलं, पाण्याचा हौद फुटलाय ते सांगितलं, तारेमुळे मेंढरांची वाट बंद झाल्याने हमरस्त्यावरून जावं लागतं आणि ट्रकखाली कोकरं येतात तेही सांगितलं. मी सगळं सांगत गेले. अध्यक्ष म्हणाले, हे विषय या समितीच्या कक्षेत येत नाहीत. आक्काने मला विचारलं, “मग कुणाच्यात येत्यात?” मी तेही हिंदीत विचारलं. अध्यक्षांनी शेजारी बघितलं, शेजारच्यांनी समोर बघितलं. वेगवेगळ्या मंत्रालयांची नावं निघाली.

एका तरुण अधिकाऱ्याने सरळ प्रश्न टाकला. पावसाळ्यात माळ चराईला बंद ठेवा असा नियम केला तर तुम्ही पाळाल का?

“न्हाय,” आक्का म्हणाली. याचं भाषांतर करावं लागलं नाही.

तो माझ्याकडे वळला. “पण मॅडम, तुमची शिफारस तर तीच आहे.”

मी म्हणाले, हो, तीच आहे.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “म्हणजे तज्ज्ञ एक म्हणतात आणि त्यांनीच आणलेल्या भागधारक दुसरं म्हणतात. आम्ही कुणाचं लिहायचं?”

हा प्रश्न त्यांनी चिडून विचारला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हणाले, एकाचंच लिहू नका. प्रत्येक ठिकाणी ठरवण्याआधी जमीन बघावी आणि तिथल्या लोकांना विचारावं, एवढं लिहा. काय ते तिथे बसून ठरू दे.

आक्काने बाही ओढली. “काय म्हणला?” मी सांगितलं. ती म्हणाली, “आणि आमचं जमलंच न्हाय तर?”

मी तेही हिंदीत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “मग अधिकारी ठरवतील. सध्या तेच चाललंय.” खोलीत थोडा हशा पिकला.

ते थांबल्यावर आक्का आपणहून बोलली. वाटेवरची तार काढली आणि मेंढरांना पलीकडच्या गायरानात जाऊ दिलं, तर पावसाळ्यात निम्मा माळ ती सोडेल. दुसऱ्या वर्षी दुसरा निम्मा. बाकीच्या मेंढपाळांना तीच सांगेल. तिने हाताने टेबलावर मधोमध रेघ ओढून दाखवली. तरुण अधिकाऱ्याने लिहून घ्यायला पेन उघडलं. मी भाषांतर करायचं विसरले होते, त्याची मला खुणेने आठवण करून द्यावी लागली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, “हे मला गाडीत का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी हेच मागतेय.”

“तुमच्याकडं काय होतं द्याला?” ती म्हणाली. “तार त्यांची हाय.”

मला त्याचा राग आला आणि तो परतीच्या प्रवासात भुसावळपर्यंत टिकला. मग तिने डब्यातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढे केली, आणि उपाशी राहून राग धरायचं मला जमलं नाही.

मसुदा निघाला तेव्हा मी तो तीनदा वाचला. आमच्या कामाचा एक परिच्छेद होता. नैसर्गिक गवताळ माळ प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय पडीक धरू नये, आणि तिथे जनावरं चारणाऱ्यांशी ‘शक्यतो’ चर्चा करावी. ‘शक्यतो’ काढा म्हणून मी हरकत पाठवली. अंतिम मसुद्यात तो तसाच राहिला. पण परिच्छेदही राहिला, आणि त्याच्या आधाराने झाडं लावणाऱ्या खात्याचे लोक आमच्या माळावर पाहणीला आले. अर्ध्या माळावर झाडं आधीच लागली होती, ती तशीच ठेवली. उरलेल्या अर्ध्यावरचे खड्डे त्यांनी बुजवले. वाटेवरची तार काढायला पुढचा उन्हाळा उजाडला. सरपंच मला म्हणाले, “तुमी त्या दिवशी मस्करी करत नव्हता व्हय?”

आक्काने शब्द बऱ्यापैकी पाळला. एक साल तिच्या दिराने मेंढरं घुसवली, त्यावरून भांडण पंचायतीत गेलं आणि त्या निमित्ताने ते दोघं बोलायला लागले. पवन्या आता बंद ठेवलेल्या बाजूला गुडघ्याच्या वर येतो. गेल्या हिवाळ्यात तिथे लांडग्याची मादी पिलांसह दिसली. मी इतकी आनंदले की दोन सहकाऱ्यांना फोन केला. आक्काची कोकरं गेली होती.

ती म्हणाली, “तुमचं गवात वाढलं, त्येच्यात लांडगं बसायला लागलं. आता ह्येचं काय करायचं?”

मी म्हणाले, ते खातं वेगळं आहे, वन्यजीवांचं. चौकशी केली तर त्या खात्यातला तालुक्याचा अधिकारी माझाच जुना विद्यार्थी निघाला. तो येऊन मेंढरं कोंडायचं वाडगं बघून गेला. जाळी उंच करावी आणि राखणीला कुत्री वाढवावीत असं त्याने सांगितलं. आक्काने त्याला बसवून घेतलं, चहा दिला आणि लांडग्याबद्दल तिला काय वाटतं ते सविस्तर ऐकवलं. तो उठेपर्यंत अंधारून आलं होतं. जाताना मला म्हणाला, “मॅडम, यांना आमच्या बैठकीला बोलवायला पाहिजे.” मी म्हटलं, बोलव, फक्त खोली जरा कमी गार ठेव.