सुभद्राकाकूंच्या फळीवरचे गंज

सुभद्राकाकू डोणगावात कुणाच्याही घरी गेल्या की आधी चुलीवरचं झाकण उचलून बघत, मग माणसांकडे. घरात सून गरोदर असली आणि झाकणाखाली जर्मनचा गंज, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं असलं, तर काकूंकडे त्याच दिवशी पाहुणे येत. "गंज दे वं जरा, पाहुणे येऊन राह्यले." गंज जाई. पाहुणे कधी कुणाला दिसले नाहीत.

या उद्योगाचं मूळ म्हणजे मी गावात वाटलेलं पत्रक. त्यात मी सरळ लिहिलं होतं: आंबट भाजी जर्मनच्या भांड्यात शिजवली की धातू भाजीत उतरतो, त्यातला थोडा आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. प्रयोगांत जनावरांना तो भरपूर दिला, तेव्हा पिल्लांचं शिकणं मंदावलं. माणसाच्या बाळाचं किती बिघडतं, हे अजून ठाम सांगता येत नाही. पण ठाम होईपर्यंत गावातल्या बाळांवरच प्रयोग चालू ठेवायचा का? माझा सवाल आजही तोच आहे. गावानं पत्रकात जिरं बांधलं. काकूंनी मात्र ते माझ्याकडून वाचून घेतलं. म्हणाल्या, "खरं असन पोरी, पण लंबं हाय. हे आयकाले कोणती सासू चूल सोडून बसन?"

सगळ्यात हट्टी सासू आमच्याच घरी होती. वहिनीला दिवस गेले होते, आणि तिला रोज अंबाडीची भाजी हवी असे. आई ती आपल्या लग्नातल्या गंजात शिजवी. भाजी काढली की काळा पडलेला गंज आतून लख्ख दिसे, आणि आई तो शेजारणींना दाखवी.

"आई, तो काळा थर गेला कुठं? भाजीत. आणि भाजी कुणाच्या पोटात?"

"चूप बस. तू याच गंजातलं खाऊन वाढली. काय झालं तुले?"

काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईला म्हणाल्या, "जिजा, मी तेच पाह्यून राह्यली."

दुसऱ्या दिवशी काकूंकडे पाहुणे आले आणि आमचा गंज गेला.

आईनं वहिनीच्या रुखवतातला स्टीलचा गंज काढला. त्याच्या बुडाला भाजी लागली. आईनं स्टीलला, मला आणि काकूंना एका दमात शिव्या घातल्या आणि गंज आणायला गेली. मीही मागोमाग गेले.

"मोकया गंज कसा परत करू बाप्पा?" काकू म्हणाल्या. "तूच सांगतं ना, भांडं मोकयं पाठवू नाही म्हणून. काही गोडधोड होऊ दे."

"कधी होईन?"

"तुह्या घरी बाळाचा पायना हालला की."

आई रिकाम्या हातानं परत फिरली. शेजारची वाटीसुद्धा साखरेची चिमूट टाकल्याशिवाय तिनं कधी परत पाठवली नव्हती. स्वतःचा नेम ती मोडणार कशी? वहिनी बाळंत होईपर्यंत आमच्याकडे अंबाडी स्टीलमध्येच शिजली, आणि बुडाला लागायचीही थांबली. बारशाला काकू आमचा गंज घुगऱ्यांनी भरून डोक्यावर घेऊन आल्या, वाजतगाजत आल्यासारख्या.

पुढे काकूंच्या फळीवर कुणाचा गंज उपडा दिसतो, हे गाव बघू लागलं. एका सासूला तर सुनेची गोड बातमी तिथूनच कळली. ती भांडायला आली आणि पेढे वाटून गेली.

गेल्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. तेरवी झाल्यावर त्यांच्या मुलानं फळीवरचे गंज खाली मांडले. "घेऊन जा बाप्पा आपापले. माय गेली, आता काय ठेवू?" नावं कोरलेले गंज होते, त्यामुळे वादही नव्हता. पण त्यांतल्या कुणाच्याच घरी अजून बारसं झालं नव्हतं. मी भाषण करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई उठून दारात उभी राहिली.

"काऊन वं, मोकये गंज नेता? मेलेल्या बाईची अब्रू काढता काय?"

बायकांचे हात जागीच थांबले. आईनं गंज एकात एक घातले आणि पदराखाली घेऊन घरी आणले. आता ते आमच्या फळीवर असतात. काल समोरच्या घरून आणखी एक आला. मी विचारलं, "आई, पाहुणे कोण आले?"

"तू कमी बोल," ती म्हणाली. "बाजारात जाशीन तर मोठा गंज आण. घुगऱ्या लय शिजवा लागतीन. स्टीलचा आणजो."