आधी इंजिन बंद

लखमा तांडेल गेल्याचं मला मोखाड्याच्या बाजारात कळलं, तेही त्याचा दहावा उरकल्यावर. सांगणाऱ्याला वाटलं, मला ठाऊक असेल. मला नव्हतं…

मी जव्हार दरबारात कारकून होतो. संस्थानच्या तलावासाठी मुंबईहून एक छोटी शिडाची होडी आली. तिला मागे लावायचं, पाण्यात पंखा फिरवणारं इंजिनही होतं. ती चालवायला लखमाला डहाणूच्या किनाऱ्यावरून आणलं. इंजिनावर जायचं तर तो आधी शीड उतरवून बांधायचा. होडीच्या मधोमध पाण्यात सोडायची एक फळी होती. ती तो अर्धी सोडायचा, नाहीतर वारा होडीला आडवं ढकलतो. उथळात आलं की वर ओढायचा. आणि बसलेल्यानं उठायचं नाही, मग तो कोणी का असेना.

एका दुपारी दरबारचे पाहुणे होडीत होते, त्यांच्या दिमतीला मी. होडी इंजिनावर चालली होती. वाऱ्यानं बांधलेल्या शिडाचं टोक सुटून फडफडू लागलं. पाहुण्यांपुढे चलाखी दाखवायला मी उठलो.

"भाऊसाहेब, बसून ऱ्हा!" लखमा ओरडला.

तोवर होडी कलली आणि मी पाण्यात पडलो. मला पोहता येत नव्हतं. लखमानं होडी माझ्याकडे वळवली, पण थोड्या अंतरावर इंजिन बंद केलं आणि वल्हं मारत आला. तेवढा उशीर मला जन्माएवढा वाटला. त्यानं वल्हं पुढे केलं, ते धरून मी वर आलो.

काठावर पाहुण्यांनी दरबारच्या कारभाऱ्यांकडे तक्रार केली. माणूस बुडतोय आणि यानं इंजिन बंद केलं!

"पंखा फिरत असला तर मानसाजवल जायाचं नाय," लखमा कारभाऱ्यांना एवढंच म्हणाला. मी उठलो होतो, हे त्यानं सांगितलं नाही. मीही नाही. कपडे पिळत उभा राहिलो. लखमाला होडीवरून काढून दरबारच्या बागेत पाणी घालायला लावलं.

महिनाभरानं मी बागेत गेलो. "चूक माझी होती," म्हणालो.

"मला ठावं हाय," तो पाट वळवत म्हणाला. "कारभाऱ्यांना नाय."

दुसऱ्या दिवशी मी कारभाऱ्यांना सगळं सांगितलं. पण होडी तोवर विकली जाऊन संस्थानाबाहेर गेली होती. लखमा बागेतच राहिला.

परवा त्याच्या घरी गेलो. कंदील, घागर, कोयता, सगळं दोरीनं खुंट्यांना बांधलेलं. समुद्रावरची सवय, त्याची बायको म्हणाली. मग तिनं विचारलं, "कारभाऱ्यांना जाऊन सांगनारे भाऊसाहेब तुमीच ना?"

मी मान डोलावली. तिनं घागरीची गाठ सोडून मला पाणी दिलं आणि पुन्हा तशीच बांधली.