अकरा टक्के

रेवणप्पा सरांनी तीस वर्षं कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी केली, आणि त्यातली निम्मी तरी पोरांवर ‘हात लावू नकोस, चालू आहे ते’ असं ओरडण्यात गेली. आता ओरडणं सोडाच. आजारानं अंग गेलं, जीभ गेली, राहिले फक्त डोळे. नजरेनं पडद्यावरचं वाक्य निवडायचं की कॉम्प्युटर ते बोलणार, आणि तेही सरांच्याच आवाजात! वाचा जाणार असं डॉक्टरांनी सांगितल्यावर या पठ्ठ्यानं आठ महिने खपून अडीच हजार वाक्यं रेकॉर्ड केली होती. मराठीत आणि कानडीत. बायकोवर, नीलम्मावर, चिडायची वेगळी, लाडात यायची वेगळी.

आता तुम्ही विचाराल, दुसरी प्रत? अहो, जन्मभर दुसऱ्यांना ‘प्रत ठेवा’ म्हणून सांगणारा माणूस स्वतः कधी ठेवतो का! सगळी वाक्यं त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात.

एके सकाळी सॉफ्टवेअरनं हट्टच धरला, नवी आवृत्ती टाका, नाहीतर चालणार नाही. बसू धावत आला. सरांचा जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. अपग्रेड सुरू झालं आणि अकरा टक्क्यांवर जे बसलं ते बसलंच. बसूनं नेट तपासलं, डिस्कमधली जागा तपासली. तास गेला.

“अडकलंय की हे, काकू.”

अडकलं नव्हतं. खुर्चीतल्या सरांना स्वच्छ कळत होतं. अडीच हजार बारक्या फायली एकेक करून उचलल्या जात होत्या, आणि अँटिव्हायरस प्रत्येकीला दारात अडवून तपासत होता. तेवढा बंद कर, नाहीतर दोन तास गप बस, इतकंच सांगायचं होतं. पण सांगणार कशानं? बोलणारं यंत्रच दुरुस्तीला बसलेलं. नजरेनं अक्षरं दाखवायचा जुना पुठ्ठ्याचा तक्ता यंत्र आल्यावर नीलम्मानं रद्दीत घातलेला. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, एवढीच भाषा उरली. आणि विचारणारे विचारत काय होते? पंखा हवा? पाणी हवं? सरांच्या जिवाची नुसती तगमग.

तेवढ्यात नीलम्मा औषधाचे थेंब घेऊन आली. डोळे कोरडे पडतात, दर तासाला घालावेच लागतात. तिनं थेंब सोडले आणि नेमकं तेव्हाच बसूनं विचारलं, “सर, जुनं समदं काढून नव्यानं टाकू का? लवकर होईल की.”

औषध झोंबलं. डोळे घट्ट मिटले, उघडेचनात.

“सर व्हय म्हणाले,” बसू म्हणाला.

सरांनी कसेबसे डोळे उघडून दोनदा मिटले. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा. बसूची पाठ होती. “लई झोंबलं का हो?” म्हणत नीलम्मानं पदरानं डोळे पुसले.

नवं सॉफ्टवेअर चार मिनिटांत बसलं. बसू खूश. त्यानं एका वाक्यावर टिचकी मारली, आवाज नाही. स्पीकर मोठा केला, दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पुसलेल्या फायली परत आणायला त्यानं दुपारपर्यंत जंग जंग पछाडलं, पण नवं सामान नेमकं त्यांच्याच जागेवर बसलं होतं. शेवटी एवढा बाप्या माणूस सरांच्या पायाशी बसून रडायला लागला.

सरांनी नजरेनं एकेक अक्षर जुळवलं. यंत्रातून बातम्या वाचणाऱ्यासारखा, तरणा, परका आवाज निघाला. “बसू, रडू नकोस. चूक माझी.”

नीलम्मानं धावत जाऊन दोन्ही हातांनी स्पीकर दाबून धरला.

“नका बोलू,” ती म्हणाली. “पाया पडते तुमच्या. त्या माणसाच्या आवाजात नका बोलू.”

सरांनी पुढचं अक्षर निवडलं नाही.