दांड्याच्या कॅप्टनचा नकार

खारदांड्याच्या कोळीवाड्यात शिरताना, मासळी सुकवायच्या जागेच्या अलीकडे, एक मोठा फलक लागला होता. पांढरा शर्ट, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या आणि 'आटपा लवकर' असा चेहरा करून कल्पिता त्यात उभी होती. 'दांड्याची पहिली महिला कॅप्टन'. खाली मंडळाच्या अध्यक्षापासून खजिनदारापर्यंत सगळ्यांचे हात जोडलेले फोटो. तिच्या विमान चालवायला शिकण्यात यांतल्या एकाचाही काडीचा हात नव्हता, पण फलकावर जागा सगळ्यांना मिळाली.

हात होता तो मथुरेचा आणि हरेश्वरचा. मथुरा, म्हणजे तिची आई, खारच्या बाजारात मासळी विकायची. बाप हरेश्वर दुसऱ्याच्या होडीवर तांडेल. होडीचा मालक तो नाखवा आणि समुद्रात होडी नेणारा, आणणारा तो तांडेल. पोरीने बारावीनंतर पायलट व्हायचं म्हटलं तेव्हा अख्ख्या वाड्याने मथुरेला वेड्यात काढलं. मथुरेने अंगावरचं सगळं सोनं मोडलं आणि पुढची कितीतरी वर्षं लग्नकार्यांत नुसत्या काळ्या मण्यांवर मिरवली. कोळणीने तसं मिरवणं म्हणजे काय, हे कोळणीलाच कळेल.

पोरगी शिकली, एका विमान कंपनीत लागली, बरीच वर्षं उजव्या सीटवर बसून काढली आणि शेवटी डावीकडच्या, कॅप्टनच्या सीटवर गेली. त्या वर्षी महिला दिनाला कंपनीलाही एकदम तिची आठवण झाली. जाहिरातवाल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की हिला कोळणीचं लुगडं नेसवू, डोक्यावर पाटी देऊ आणि विमानासमोर उभी करू. हे ऐकून मथुरा भडकली.

"पाटी डोक्यावर घ्यायला मी हाय ना! पोरीला शिकवली ती पाटी उतरवायला. सांग त्यांना, नाय तर मी येतंव सांगायला."

मग गणवेशातच फोटो निघाला आणि हायवेवर अंधेरीजवळ झळकला, 'लेकींची भरारी, देशाची उभारी'. तेव्हापासून कंपनीतले सगळे पायलट तिला 'उभारी' म्हणून चिडवू लागले.

चिडवायला कारणही होतं. कंपनीत तेव्हा जो तो जायच्या तयारीत होता. आखातातली एक मोठी विमान कंपनी भारतातून पायलट घेत होती. क्रूच्या गाडीत बसलं की दुसरा विषयच नाही. कुणाची बायको तिकडच्या शाळा बघतेय, कुणी गाडी विकायला काढलीय. एकटी कल्पिता म्हणायची, "मी नाही जाणार यार. आपलं आभाळ सोडून दुसऱ्याच्या आभाळात कशाला?" हे ती जाहिरातीसाठी बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटायचं. शिवाय घरी हरेश्वरने एकदाच सांगून ठेवलं होतं, "आपली होरी सोरून परक्याच्या होरीवर जायाचं नाय." आईबापांना ती एकुलती एक होती, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला होता.

पायलट जात होते, पण विमानं कमी होत नव्हती. मग उरलेल्यांनी ती उडवायची. आयत्या वेळी बदली म्हणून घरी राखीव पायलट बसवून ठेवायचे असतात. बसून पगार खातात म्हणून कंपनीने तेही कमी केले. एखाद्या गृहिणीने उद्या पाहुणे येणारच नाहीत असं धरून तांदळाचा डबा रिकामा ठेवावा, तसा हा कारभार.

त्या जानेवारीत उत्तरेत धुकं दाटलं. कल्पिताची लागोपाठ चौथी पहाटेची ड्युटी. त्यासाठी रात्री तीन वाजता उठावं लागतं, म्हणजे झोप किती झाली ते ज्याचं त्याने समजावं. लखनौला विमान धुक्यात अडकलं, तिथे दोघं कॉकपिटमध्ये ताटकळत बसले, आणि परत मुंबईला येईपर्यंत दुपार उलटली. सोबत को-पायलट श्रेयस होता, हुशार पोरगा. उतरायच्या थोडं आधी कंट्रोल टॉवरने त्यांना हाक मारली. दोघांनीही ऐकली नाही. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला दोघं एकदम दचकले आणि एकदमच उत्तर द्यायला गेले. विमान नीट उतरलं. मागे बसलेल्या माणसांना काही कळलं नाही, पण कल्पिताला कळायचं ते कळलं.

विमान थांबतंय तोच क्रू कंट्रोलमधून प्रबुद्धचा फोन. कुणी कुठे उडायचं याची जुळवाजुळव करणारा हा माणूस. चारकोपला राहायचा, स्वभावाने वाईट नव्हता.

"मॅडम, अजून एक गोवा करून या ना. तास संपतायत, पण तुम्ही वाढवून घ्या. गेलात की आलात."

आता नियम असा आहे की पायलटचे ड्युटीचे तास संपले की त्याने घरी जायचं. अचानक काही अडचण आली, तर ते थोडे वाढवायचे की नाहीत हे फक्त कॅप्टनने ठरवायचं, स्वतःच्या आणि सोबतच्यांच्या अवस्थेकडे बघून. नियम लिहिणाऱ्याने शहाणपणाने लिहिलाय. पण कंपनीने त्याचा अर्थ असा लावला होता की कॅप्टनने दर वेळी 'हो' म्हणण्याचा हा अधिकार आहे.

कल्पिताने शेजारी बघितलं. श्रेयस हातातल्या पेनाचं टोपण उघडत होता, लावत होता, उघडत होता.

"नाही वाढवणार," ती म्हणाली. "आम्ही दोघं थकलोय. दुसरे पायलट बघ."

"मॅडम, दुसरे आहेत कुठे?"

"ते मला कसं माहीत असणार रे?"

गोव्याचं विमान रद्द झालं. टर्मिनलमधून बाहेर पडताना गोव्याच्या प्रवाशांनी तिला गाठलं. एकाने मोबाइल समोर धरला. तिने सरळ सांगितलं, "मी थकलेय. थकलेल्या माणसाने तुम्हाला घेऊन उडावं असं तुम्हाला वाटतं का?" संध्याकाळपर्यंत तेवढा तुकडा घरोघरी पोचला. वरती लिहिलेलं, 'पायलटबाईंना झोप आली!' लोक बोलू लागले की लाखांनी पगार घेता आणि झोपा कसल्या काढता. जसा काही पगार जास्त असला की डोळे कमी मिटतात! हेच लोक रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरच्या टॅक्सीत बसतील का? नाही बसणार. आणि या सगळ्यावर कंपनीचं निवेदन आलं. काय म्हणाली कंपनी? 'क्रू सदस्याच्या वैयक्तिक कारणामुळे उड्डाण रद्द झाले. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

वैयक्तिक कारण! ड्युट्यांचं रोस्टर यांनी लावायचं, राखीव माणसं यांनी काढायची, आणि झोप मात्र कल्पिताची वैयक्तिक.

"फोटो रस्त्यावर टांगताना वैयक्तिक नव्हती माझी पोर?" मथुरेने भर बाजारात विचारलं. गिऱ्हाईक बिचारं सुरमई घ्यायला आलेलं, ते 'नव्हती, नव्हती' म्हणत निघून गेलं.

दोन दिवसांनी अंधेरीच्या ऑफिसात बोलावणं आलं. समोर बसले होते कॅप्टन शरच्चंद्र, सगळ्या पायलटांचे वरिष्ठ. मुलुंडचे, मृदू बोलणारे, कल्पिताला पहिले धडे यांनीच दिलेले. त्यांनी आधी चहा मागवला.

"तू चुकलीस असं कुणी म्हणत नाहीये, कल्पिता."

"मग सर, ते निवेदन मागे घ्या."

"ते कसं घेणार? त्यापेक्षा तू असं कर. त्या दिवसाची आजारपणाची रजा टाक. मी मागची तारीख उघडून देतो. पोट बिघडलं म्हण. विषय संपला."

"माझं पोट ठीक होतं, सर."

"अगं, पोट बघायला कोण येतंय?"

कल्पिताला खेळी कळायला वेळ लागला नाही. पायलट थकला म्हणून विमान थांबलं अशी नोंद झाली, तर तो थकला कशाने, रोस्टर कुणी लावलं, हे प्रश्न वर, सरकारी खात्यातून, विचारले जातात. पायलटचं पोट बिघडलं, तर देवाची करणी. कुणालाच काही विचारावं लागत नाही.

"आणि नाही टाकली तर?"

शरच्चंद्रांनी चहाचा कप बशीत नीट ठेवला. "नवीन पायलटांना शिकवणाऱ्या कॅप्टनांच्या यादीत तुझं नाव मीच दिलंय. ते मलाच काढावं लागेल. उद्यापर्यंत विचार कर."

गणवेश चढवला त्या दिवसापासून कल्पिताला हेच हवं होतं. शिकवायचं. ती घरी आली तेव्हा हरेश्वर जेवायला बसला होता. तिने सगळं सांगितलं. तो भाताचा घास हातात तसाच धरून ऐकत होता.

"तू आजारी व्हतीस?"

"नाय."

"मंग?"

"मंग काय, बाबा. टाकली रजा तर सगलं मिटतं."

हरेश्वरने घास ताटात ठेवला. "एकदा नाखवा सोता माझ्यासंगत आलेला होरीवर. मना वारा बरा दिसंना, मी होरी फिरवली. नाखवा बोलला, अजून एक डाव जाली टाकू. मी बोललो, नाय. गप बसला तो. होरी त्याची, जाली त्याची, पन पान्यात गेल्यावर तो गप बसला. किनाऱ्यावर आल्यावर पन तो मना 'हरेश्वर, तू आजारी व्हतास असा सांग' असा नाय बोलला. कोन बोलंल? तांडेलाला असा कोन बोलंल गो?" त्याचा आवाज चढला होता. "नको टाकू रजा."

तिने टाकली नाही. आठवड्याभरात यादीतून नाव गेलं. शरच्चंद्रांनी फोनही केला नाही, नुसता मेल आला.

त्यानंतर ती चकाल्याच्या त्या हॉटेलात गेली, जिथे आखाती कंपनीच्या मुलाखती चालल्या होत्या. तिथे बघते तर अर्धी कंपनी हजर. शौनक नावाचा एक कॅप्टन तिला बघून गडबडला आणि मावसभावाच्या साखरपुड्याला आलोय म्हणाला. ती म्हणाली, "मी पण नवरीकडूनच आहे रे."

मुलाखत घेणाऱ्याने तिला विचारलं, कधी उड्डाण नाकारलंय का? तिने गोव्याचं सांगितलं. तो मान डोलवत ऐकत होता. मग त्याने विचारलं, "त्यावर तुमच्या कंपनीने काय केलं?"

आणि कल्पिता म्हणाली, "जे नियमात होतं ते केलं."

ज्या बाईने स्वतःचं नाव वाचवायला पोट बिघडल्याचं खोटं सांगितलं नाही, ती परक्या माणसासमोर कंपनीची अब्रू झाकायला सरळ खोटं बोलली. का, तर घरची लाज बाहेर कशी सांगायची! हॉटेलातून बाहेर पडल्यावर तिला स्वतःचाच इतका राग आला की ती रिक्षा न करता अंधेरीपर्यंत तरातरा चालत गेली.

नोकरी मिळाली. राजीनामा दिला तर कंपनीने वर्षभराची नोटीस पुढे केली, आणि सोबत पत्र, की देशाला पायलटांची गरज असताना अनुभवी माणसाने असं जाणं शोभत नाही. यांना देश आठवतो तो नेमका राजीनाम्याच्या दिवशी! रोस्टर लावताना तो कुठे लपलेला असतो कुणास ठाऊक. तिने ते वर्ष मुकाट्याने, पण चोख भरलं. हरेश्वरने तिला 'जा' म्हटलं नाही आणि 'नको' असंही म्हटलं नाही. निघायच्या दिवशी तो जेट्टीवर जाऊन बसला आणि तिची गाडी गेल्यावरच घरी आला.

पुढच्या उन्हाळ्यात कल्पिता आखाती कंपनीचं मोठं विमान घेऊन मुंबईला आली. परत निघायच्या वेळी ब्रेकमध्ये बिघाड निघाला. इंजिनिअरांनी दुरुस्त करेपर्यंत ऊन कलायला आलं. तास संपत आले होते. हवे असते तर वाढवता आले असते, पण सोबतचा को-पायलट रात्रभराचा जागा होता. तिने कळवलं, उडणार नाही, उद्या निघू.

त्या आखाती कंपनीचं मुंबईतलं जमिनीवरचं सगळं काम तिच्या जुन्या कंपनीकडेच होतं. दोन मिनिटांत फोन आला.

"कॅप्टन, काहीच प्रॉब्लेम नाही. प्रवाशांचं आम्ही बघतो. तुमच्या क्रूला हॉटेलची गाडी खाली उभी आहे. उद्याची वेळ तुम्ही सांगाल ती."

आवाज तिने लगेच ओळखला. "प्रबुद्ध, मी कल्पिता."

"ओळखलं ना मॅडम. आता मी याच कामावर असतो, नाव बघूनच फोन केला. कशा आहात?"

"काही विचारलं नाहीस आज? अजून एक तास वाढवा, गेलात की आलात?"

तो हसला. "काय मॅडम! तुम्ही नाही म्हणालात, विषय संपला. पाहुण्या कंपनीच्या कॅप्टनला आम्ही कोण विचारणार?"

"आणि तेव्हा विचारलंस ते?"

प्रबुद्ध अगदी सरळ मनाने, जुन्या ओळखीच्या आपुलकीने म्हणाला, "तेव्हा तुम्ही आपल्याच होता ना, मॅडम."

कल्पिताला त्याला एक सणसणीत शिवी द्यायची होती. पण तो खोटं बोलत नव्हता, आणि तिला सगळ्यांत जास्त राग आला तो त्या खरेपणाचाच.